डोक्याचा घेर: बाळाच्या वहीतला राहून गेलेला आकडा

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणारा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. या रस्त्यावर कोवलम हे मच्छीमारांचे गाव येण्याआधी मुट्टुकाडूची खाडी लागते. केरळातले पर्यटकांचे कोवलम ते वेगळे. या मुट्टुकाडूला, कोवलम टपालाच्या पत्त्यावर, २००५ सालापासून केंद्र सरकारची एक संस्था काम करते आहे. एकाच वेळी एकाहून अधिक अपंगत्वे वाट्याला आलेल्या मुलामाणसांसाठी काम करणारी ही राष्ट्रीय संस्था. कुणाला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. कुणाचे हातपाय ताठ आहेत आणि बोलणेही फुटलेले नाही.

अशा कोणत्याही केंद्रात, मग ते चेन्नईत असो, मुंबईत असो की आपल्या जिल्ह्याच्या गावी, बाळाला प्रथमच नेले की बाळाचा पूर्वेतिहास विचारला जातो. बाळ दिवस भरून झाले का? जन्मल्याबरोबर रडले का? वजन किती होते? मान कधी धरली? या प्रश्नांची उत्तरे आई धडाधड देते. पण “जन्मतः डोक्याचा घेर किती होता आणि पुढे तो कसा वाढला?” असे विचारले, की आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. वजनाचे आकडे असतात, लसींच्या तारखा असतात, पहिला दात कधी आला तेही पाठ असते. डोक्याचे माप मात्र कुणी लिहून ठेवलेले नसते.

खरे तर हे माप घ्यायला यंत्र लागत नाही, खर्च नाही आणि बाळाला दुखतही नाही. दहा-पंधरा रुपयांची टेप आणि एक वही एवढ्यावर भागते. आणि काही आजारांत हे माप वेळेवर घेतले गेले की नाही यावर बाळाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

कवटी वाढते कशी?

आपल्याकडे बाळाच्या डोक्याची चर्चा काही कमी होत नाही. “डोकं बघा केवढं मोठं, बॅरिस्टर होणार हो!” असे एक आजी म्हणते, तर दुसरी “अगं, डोकं लांबट झालंय, चांगलं दाबून गोल कर,” असे बजावते. टाळूवर तेल थापायचे काम तर घरोघरी चालते. पण हे सगळे डोळ्यांच्या अंदाजाने. डोळे फसवतात. बारीक, अशक्त बाळाचे डोके उगाचच मोठे दिसते आणि गुटगुटीत बाळाचे लहान. मोठ्या माणसाच्या मानाने बाळाचे डोके शरीराच्या प्रमाणात मोठेच असते. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचाच असतो.

बाळाची कवटी एकसंध नसते. ती हाडांच्या वेगवेगळ्या पट्ट्यांची बनलेली असते आणि या पट्ट्यांच्या मध्ये सांधे मोकळे असतात. दोनपेक्षा अधिक हाडे जिथे भेटतात तिथे मऊ जागा राहते, तीच टाळू. पुढची टाळू मोठी, शंकरपाळ्याच्या आकाराची. मागची लहान, ती साधारण दोन महिन्यांत भरते. पुढची बहुतेक बाळांत ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान भरते.

कवटी आपणहून वाढत नाही. आतला मेंदू वाढतो आणि कवटीला बाहेर ढकलतो. जन्माच्या वेळी बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो. पहिल्या वर्षात तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून डोक्याचा घेर म्हणजे आत काय चालले आहे ते बाहेरून सांगणारी खूण होय. मेंदूची वाढ मंदावली तर घेर मागे पडतो. मेंदूत पाणी साठू लागले तर घेर भराभर वाढतो. सांधे वेळेआधीच जुळून आले तर डोक्याचा आकार बिघडतो.

माप कसे घ्यावे?

माप चुकीचे घेतले तर नसती काळजी तरी लागते, नाही तर खरी काळजी झाकली जाते. तेव्हा पद्धत नीट समजून घ्यावी.

टेप न ताणली जाणारी हवी. शिलाईकामाची जुनी कापडी टेप वर्षानुवर्षे ओढली जाऊन सैल झालेली असते, ती घेऊ नये. घरातल्या टेपचे पहिले तीस सेंटिमीटर स्टीलच्या पट्टीला लावून पाहावेत. दोन्ही आकडे जुळले तर टेप खरी. टेप नसेल तर कागदाची अरुंद लांब पट्टी डोक्याभोवती फिरवावी, जिथे टोक येईल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि मग ती पट्टी स्टीलच्या पट्टीवर मोजावी. यानेही काम भागते.

टोपी, कुंची, पिना, रिबिनी काढून ठेवाव्यात. बाळ शांत असावे. दूध पिऊन झाल्यावरची वेळ चांगली. एकाने बाळाला मांडीवर धरावे, दुसऱ्याने माप घ्यावे. टेप पुढून भुवयांच्या किंचित वर, बाजूने कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत जास्त बाहेर आलेला असतो त्यावरून न्यावी. दोन्ही बाजूंना ती सारख्याच उंचीवर आहे ना, ते पाहावे. केस दबतील इतपत घट्ट धरावी, पण कातडीत रुतू देऊ नये.

माप तीन वेळा घ्यावे. प्रत्येक वेळी टेप काढून पुन्हा लावावी आणि तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. असे का? तर आपल्याला सर्वांत मोठा घेर हवा असतो आणि टेप जरा वर-खाली सरकली की आकडा कमी येतो. सेंटिमीटरच नव्हे, मिलिमीटरही लिहावेत. “चाळीसच्या आसपास” असे लिहू नये, “४०.३” असे लिहावे.

शक्यतो दर वेळी तीच टेप आणि तोच माणूस असावा. घरात अनेक हात असले की प्रत्येकाची टेप धरायची तऱ्हा निराळी असते आणि त्यातूनच अर्धा सेंटिमीटरचा घोळ होतो.

कधी मोजावे?

प्रसूतीच्या वेळी जन्ममार्गातून येताना बाळाचे डोके दाबले जाते, लांबट होते, कधी वर सूज येते. त्यामुळे पहिल्या दिवसाचे माप फसवे असू शकते. दोन-तीन दिवसांनी, दवाखान्यातून घरी सोडताना घेतलेले माप अधिक भरवशाचे. ते सुटीच्या कागदावर लिहिले आहे का, हे पाहावे. नसेल तर निघण्यापूर्वी परिचारिकेला विनंती करून लिहून घ्यावे.

त्यानंतर पहिल्या वर्षात महिन्याला एकदा आणि दुसऱ्या वर्षात तीन महिन्यांतून एकदा एवढे पुरे. लक्षात राहत नसेल तर लसीकरणाच्या तारखांशी सांगड घालावी. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना आणि मग दीड वर्षाच्या सुमारास बाळाला टोचायला न्यावेच लागते. त्याच वेळी “डोक्याचे मापही घ्या हो” असे डॉक्टरांना सांगण्यात संकोच कसला? घरचे माप आणि त्यांचे माप जुळते का, तेही कळते.

रोज किंवा आठवड्याला मात्र मोजू नये. मोठ्या बाळाचे डोके महिन्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढते. आठवड्याची वाढ टेपच्या चुकीहूनही कमी असते. मग आज कमी, उद्या जास्त असे आकडे पाहून आईची झोप उडते, निष्पन्न काहीच होत नाही.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे घेतली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत हे ते देश. आपल्याकडची मुले दक्षिण दिल्लीतली होती. आईचे दूध मिळालेली, निरोगी आणि धूम्रपान न करणाऱ्या मातांची मुले निवडलेली होती. त्यावरून डोक्याच्या घेराचे जे तक्ते तयार झाले ते २००७ साली प्रसिद्ध झाले.

या तक्त्यांतला मधला आकडा असा. मुलग्यांचा घेर जन्मतः ३४.५ सेंटिमीटर, एक महिन्याला ३७.३, तीन महिन्यांना ४०.५, सहा महिन्यांना ४३.३, वर्षाला ४६.१ आणि दोन वर्षांना ४८.३. मुलींचा याहून थोडा कमी: जन्मतः ३३.९, एक महिन्याला ३६.५, तीन महिन्यांना ३९.५, सहा महिन्यांना ४२.२, वर्षाला ४४.९ आणि दोन वर्षांना ४७.२.

म्हणजे पहिल्या वर्षात डोके ११ ते १२ सेंटिमीटर वाढते आणि त्यातली निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते! ढोबळ हिशेब सांगायचा तर पहिले तीन महिने दरमहा दोन सेंटिमीटर, पुढचे तीन महिने दरमहा एक आणि नंतरचे सहा महिने दरमहा अर्धा. दोन ते पाच या तीन वर्षांत मिळून वाढ होते ती जेमतेम अडीच सेंटिमीटर. माप लवकर सुरू करायचे ते याचसाठी.

हे मधले आकडे आहेत, परीक्षेतले पासाचे गुण नव्हेत. सहा महिन्यांचा मुलगा ४१ सेंटिमीटरचा असू शकतो आणि ४५.५ चाही, दोघेही तक्त्याच्या मर्यादेतच असतात. मधल्या आकड्यापासून साधारण अडीच सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे असलेली बहुतेक बाळे निरोगीच असतात.

मग काय पाहायचे? बाळाने आपली वाट धरून ठेवली आहे का, ते पाहायचे. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर महिने आणि उभ्या रेषेवर सेंटिमीटर मांडून दर महिन्याचा ठिपका द्यावा. अनेक बालरोगतज्ज्ञांच्या लसीकरण पुस्तिकेत असा आलेख छापलेलाच असतो. लहान डोक्याचे बाळ खालच्या रेषेला समांतर चालले असेल, मोठ्या डोक्याचे वरच्या रेषेला समांतर चालले असेल, तर सहसा काळजी नसते. ठिपके आपली रेषा सोडून वर चढू लागले, किंवा सपाट होऊन खाली येऊ लागले, तर मात्र ते डॉक्टरांना दाखवायलाच हवे. एकट्या मापातून फारसे कळत नाही. चार मापे ओळीने समोर आली की डॉक्टरांना पुष्कळ काही कळते.

नागपूरची बाळे आणि पुण्याची बाळे

दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे काय? इथे महाराष्ट्राचा वाटा अभिमानाने सांगावा असा आहे. गर्भातील आणि नवजात बाळांच्या वाढीचे प्रमाण ठरवण्यासाठी जगातील आठ ठिकाणी ‘इंटरग्रोथ-२१’ नावाचा मोठा अभ्यास झाला. ऑक्सफर्ड, सिॲटल, तुरीन, नैरोबी, मस्कत, बीजिंग आणि ब्राझीलमधील पेलोटास यांच्या जोडीला भारतातून निवडले गेले ते आपले नागपूर. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यांत वजन आणि लांबीबरोबरच, किती आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर किती असावा, हेही दिलेले आहे. आई निरोगी असेल, तिला पोटभर आणि चांगले अन्न मिळत असेल, तर नागपूरचे बाळ आणि ऑक्सफर्डचे बाळ यांच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असे या अभ्यासातून दिसले. “आपली माणसंच लहानखुरी” ही सबब त्यामुळे पुरेशी ठरत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी याहून वेगळे, चिकाटीचे काम केले. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा त्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. कमी वजनाचे बाळ जगले, घरी गेले, म्हणजे काम संपले असे नसते. त्याची वाढ आणि बुद्धी यांच्याकडे पुढेही वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते, हे या कामामुळे आपल्याकडे ठळकपणे पुढे आले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत पालकांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. बाळ आठ आठवडे आधी झाले असेल, तर त्याच्या वयातून दोन वर्षांचे होईपर्यंत आठ आठवडे वजा करावेत. सोळा आठवड्यांच्या अशा बाळाचे माप आठ आठवड्यांच्या रेषेवर मांडायचे. हा हिशेब न केल्याने अनेक आया विनाकारण हवालदिल होतात.

केव्हा थांबू नये?

पुढील खुणा दिसल्या तर पुढच्या महिन्याच्या मापाची वाट पाहू नये.

बाळ शांत आहे, उभे धरले आहे, तरीही टाळू फुगलेली आणि ताठ लागते. रडताना ती थोडी वर येणे किंवा ठोक्यांबरोबर उडणे यात काही गैर नाही. डोक्यावरच्या शिरा टरारून दिसू लागल्या. बाळाची नजर सतत खाली वळलेली राहून बुबुळाच्या वर पांढरे दिसते. उलट्या, किरकिर किंवा गुंगी आहे. अशा बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मेंदूतील पाणी साठून दाब वाढल्याच्या या खुणा असू शकतात. टाळू भरलेली नसताना डोक्याची सोनोग्राफी टाळूवाटे सहज होते. त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि बाळाला भूलही द्यावी लागत नाही.

मेंदूतील पाण्यावर आज उपाय आहे. ‘शंट’ नावाची बारीक नळी बसवून ते पाणी पोटात सोडले जाते; काही मुलांत दुर्बिणीने आतल्या आत वाट करून देता येते. या उपायामागे एका बापाची कहाणी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ कुलपांच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉन होल्टर या कारागिराला १९५५ साली मुलगा झाला आणि त्या मुलाच्या मेंदूत पाणी साठू लागले. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी चांगली झडप त्या काळी नव्हती. होल्टरने ती स्वतःच्या हाताने घडवली आणि १९५६ पासून ती मुलांना बसवली जाऊ लागली. त्या झडपेने पुढे असंख्य मुलांचे प्राण वाचवले.

टाळू फार लवकर बंद झाली आणि डोक्याचा आकार वेडावाकडा होऊ लागला, सांध्याच्या जागी हाडाचा उंचवटा हाताला लागला, तर कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्याची शंका घ्यावी. याची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षात केली तर चांगला गुण येतो. टाळू दीड वर्ष उलटूनही भरली नसेल तर मुडदूस किंवा थायरॉइडची उणीव आहे का, हे तपासून घ्यावे.

घेर मागे पडत असेल, बाळ चार महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, आईकडे पाहून हसत नसेल, आवाजाला दचकत नसेल, तर घेर आणि या गोष्टी दोन्ही डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात. जन्मताना श्वास कोंडणे, गरोदरपणातील काही जंतुसंसर्ग, आनुवंशिक दोष अशी याची अनेक कारणे असतात. २०१५-१६ साली ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीनंतर लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्मली आणि सारे जग हादरले. हा आजार आपल्यापासून दूर नाही. २०२१ साली पुणे जिल्ह्यातील बेलसर गावात झिकाचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण सापडला आणि २०२४ साली पुणे शहरात काही गरोदर स्त्रियांनाही त्याची लागण झाली. डास चावू न देणे हा यावरचा साधा उपाय. रुबेलाची लस तर आता बालपणीच मिळते. महाराष्ट्रात त्यासाठी २०१८ च्या नोव्हेंबरात मोठी मोहीम निघाली होती.

दोष आईच्या माथी नको

बाळाच्या डोक्यात काही उणे निघाले की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: “ग्रहणात काही चिरलंस का गं?” सासूबाई विचारतात, शेजारीण विचारते, कधी आईची आईही विचारते. गरोदर बाईने ग्रहणात भाजी चिरल्याने बाळाच्या डोक्यावर काडीचाही परिणाम होत नाही. पण या एका प्रश्नाने त्या माउलीचे तोंड बंद होते. ती बाळाला झाकून ठेवू लागते, टोपी काढायला धजत नाही, दवाखाना टाळते. आणि यात बाळाचे सर्वांत मोलाचे महिने निघून जातात.

हे महिने मोलाचे का, हे मुट्टुकाडूसारख्या संस्थांच्या कामावरून कळते. लहान राहिलेले डोके औषधाने मोठे होत नाही, हे खरे. पण मेंदू कोवळा असतो तोवर तो शिकतो. या वयात बाळाला कसे धरावे, कसे पाजावे, आखडलेले हातपाय कसे मोकळे करावेत, आवाजाकडे आणि उजेडाकडे त्याचे लक्ष कसे वेधावे, हे तज्ज्ञ आईवडिलांना शिकवतात आणि खरे काम घरी, आईच्या मांडीवर, रोज थोडे थोडे चालते. ऐकणे आणि पाहणे वेळीच तपासले, तर श्रवणयंत्र किंवा चष्मा लवकर मिळतो. जे मूल एरवी अंथरुणावरच राहिले असते ते बसू लागते, हाताने खाऊ लागते, आपले म्हणणे खुणेने का होईना सांगू लागते. घरच्यांसाठी हा फरक लहान नसतो.

अशी मदत सर्वांच्या आवाक्यात यावी म्हणून १७ जून २०२१ रोजी देशात १४ ठिकाणी सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठी शीघ्र उपचार केंद्रे सुरू झाली. त्यांत चेन्नई आहे आणि आपली मुंबईही. त्याही आधी, २०१३ च्या फेब्रुवारीत, मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो पालघरमधून. या कार्यक्रमात अंगणवाडीतील आणि शाळेतील मुलांची विनामूल्य तपासणी होते आणि गरज पडल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र उपचार केंद्राकडे पाठवले जाते. तेव्हा पहिली वाट दूरची नाही. गावातील आशाताई, अंगणवाडीताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र इथूनच ती सुरू होते.

आयांच्या मनातले प्रश्न

टाळूवर तेल घातल्याने ती लवकर भरते का? नाही. टाळू हाडांच्या वाढीने भरते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण टाळू दाबू नये आणि कानानाकात तेल सोडू नये.

डोके गोल करायला दाबावे का, राईची उशी द्यावी का? जन्माच्या वेळचा लांबटपणा काही दिवसांत आपोआप जातो. बाळ सतत एकाच कुशीकडे मान वळवून झोपत असेल तर ती बाजू चपटी होते. त्याला उताणेच झोपवावे, पण आज उशाकडे डोके तर उद्या पायथ्याकडे असे करावे आणि जागेपणी, कुणी जवळ असताना, थोडा वेळ पालथे ठेवावे. या वयात उशीची गरज नसते. दाबणे तर नकोच.

वडिलांचे डोके मोठे आहे म्हणून बाळाचेही असेल का? असू शकते. काही घराण्यांत डोके मोठेच असते आणि त्यात आजार काही नसतो. डॉक्टर अनेकदा आईवडिलांच्या डोक्याचेही माप घेतात. तेव्हा हसू नये, टेप पुढे करावी. पण “आमच्याकडे सगळ्यांचीच मोठी” असे म्हणून बाळाचे दाखवणे टाळू नये.

मोठे डोके म्हणजे जास्त बुद्धी का? मर्यादेतल्या मापांवरून बुद्धीचा अंदाज बांधता येत नाही. बाळ हसते का, ऐकते का, पाहते का, वयाप्रमाणे हालचाली करते का, हे घेराइतकेच महत्त्वाचे.

बाळाच्या वहीत आजवर वजन आणि लसी एवढेच असेल, तर त्यात आणखी एक रकाना आखावा. तारीख, वय, घेर, आणि माप कुणी घेतले त्याचे नाव. बाळ आज आठ महिन्यांचे झाले असले तरी बिघडले नाही. आजच्या मापापासून सुरुवात करावी आणि जुना आकडा मिळतो का, ते सुटीच्या कागदावर शोधावे. डॉक्टरांकडे जाताना ती वही पिशवीत टाकायला विसरू नये.